माहिती देणारी : रुग्ण स्वतः

"सदर नोंद रुग्णाने स्वतः दिलेल्या माहितीवर आधारित असून विहित पद्धतीने घेण्यात आली आहे. रुग्णाच्या केवळ तोंडी सांगण्यावरून वैद्यकीय अभिलेखात बदल करता येत नाही."

छत्तीसगडच्या राजधानीतल्या, रायपूरच्या, एका नामांकित खासगी रुग्णालयाने माझ्या धाकट्या बहिणीला, विजयाला, पाठवलेले हे उत्तर. मूळ हिंदीत आहे, भाषांतर माझे. दोनच वाक्ये आहेत आणि ती एका कागदावर शेजारीशेजारी नांदतात, याचे मला अजून नवल वाटते. पहिले वाक्य सांगते की नोंद खरी आहे, कारण ती रुग्णाने तोंडाने सांगितली. दुसरे सांगते की रुग्णाने तोंडाने सांगितलेले खरे धरता येत नाही. म्हणजे विजयाचे तोंड चार वर्षांपूर्वी प्रमाण होते, आज नाही. मधल्या काळात त्या तोंडाचे काय बिघडले, याचा खुलासा पत्रात नव्हता. खाली सही होती, शिक्का होता, आणि शिक्क्याखाली छापलेले ब्रीद होते : रुग्ण हाच केंद्रबिंदू.

माझी सगळी नोकरी तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. कोणाचा शब्द प्रमाण मानायचा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. विश्वासू माणसाचा, असे त्याचे उत्तर. आणि विश्वासू कोण, यावर पंडितांनी पिढ्यानपिढ्या एकमेकांची डोकी पिकवली. या रुग्णालयाने तो वाद कायमचा मिटवलेला होता, हे मला पुढे कळले. तोडगा इतका सोपा होता की कोणाही पंडिताला तो सुचला नसता.

विजया रायपूरला लागून असलेल्या कारखान्यांच्या वस्तीत, बीरगांवच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. तिचे यजमान मारोतराव तिथल्याच एका रोलिंग मिलच्या टाइम ऑफिसात आहेत. एकुलती एक मुलगी गंधाली, वय सव्वीस. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. आईचे मूत्रपिंड तिला जुळत होते. आई तयार होती, नागपूरचे डॉक्टर तयार होते. अडले ते समितीपाशी. जिवंत माणसाचा अवयव काढण्यापूर्वी दात्याचे कागद तपासणारी एक समिती असते, आणि तिने विजयाच्या जुन्या ऑपरेशनची संपूर्ण फाइल मागितली. चार वर्षांपूर्वी तिचे पित्ताशय रायपूरच्या या रुग्णालयात काढले होते. मागणी रास्त होती. आम्हाला वाटले, जाऊ, मागू, घेऊन येऊ.

रेकॉर्डच्या खिडकीत सचिन नावाचा तरुण बसत असे. त्याने विजयाचा अर्ज उलटसुलट पाहिला.

"मैडम, रिकॉर्ड तो हॉस्पिटल का होता है. पेशंट का थोड़े ना."

"पेट किसका फाड़े थे, भैया? हॉस्पिटल का?"

मागच्या रांगेत कोणी तरी हसले. सचिन मात्र हसला नाही. त्याने विचारले, "कोर्ट-केस करना है क्या?"

"बेटी को किडनी देनी है."

"तो नया टेस्ट करा लो न, दीदी. पुराने कागज का क्या करोगे?"

मागणाऱ्याला कागद तीन दिवसांत द्यावेत असा नियम आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली. नियम त्याला मान्य होता; फक्त तो इथे लागू होतो असे त्याला कधी वाटले नव्हते. कागद मिळायला पंधरवडा लागला. मधल्या वेळेत आम्हाला कळले की संबंधित साहेब रजेवर आहेत, झेरॉक्स मशीन बिघडले आहे, फाइल दुसऱ्या इमारतीत आहे आणि दुसऱ्या इमारतीची किल्ली संबंधित साहेबांकडे आहे.

फाइल हाती आली तेव्हा गंधाली आमच्याबरोबर होती. तिचे डायलिसिस नुकतेच आटोपले होते. रुग्णालयाच्या उपाहारगृहात बसून तिनेच ती आधी वाचली. आमची ही पिढी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते.

"मम्मी, तुम गुड़ाखू करती हो?"

विजयाने चहाचा कप खाली ठेवला. "काहून?"

"लिखा है. तीस साल से."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : गुडाखू म्हणजे गूळ घालून मळलेली तंबाखू. ती छोट्या डबीत मिळते आणि छत्तीसगडात अनेक जण सकाळी, दुपारी, वेळ मिळेल तेव्हा बोटाने दातांना लावतात. विजयाने तिच्या वर्गातल्या मुलांच्या दप्तरांतून अशा डब्या काढून नाल्यात फेकल्याचे अख्ख्या बीरगांवला माहीत आहे.

"और सुनो," गंधाली पुढे वाचू लागली. "दर्द की गोलियाँ रोज़, दस साल से. शिक्षा : अशिक्षित. और ये तो सबसे बढ़िया है. चार डिलीवरी, चारों घर पर." तिने फाइल मिटली. "मम्मी, मेरे बाकी तीन भाई-बहन को बुला लो न. उनमें से कोई दे देगा किडनी, तुम क्यों कटवाती हो?"

विजया हसली. मग तिला ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आले असावे, कारण तिने गंधालीच्या खांद्यावर हात ठेवला. मी फाइल ओढून घेतली. 'अशिक्षित' या शब्दाच्या पाठच्याच पानावर ऑपरेशनचे संमतिपत्र होते आणि त्यावर विजयाची इंग्रजीतली पूर्ण सही होती, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर करते तशी, खाली रेघ मारून. माहितीच्या रकान्याच्या तळाशी लिहिले होते : माहिती देणारी, रुग्ण स्वतः.

"तुला हे सगळं कोणी विचारलं होतं?" मी विचारले.

"ताई, मले तर कोणी नावही नव्हतं विचारलं. आधार कार्ड घेतलं, परत दिलं, अन् नर्सबाई म्हणाली, बांगड्या काढा."

तीच फाइल आम्ही नागपूरला नेली. लपवून ठेवण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. समितीच्या डॉक्टरबाई सरळ होत्या. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विजयाला म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण माझ्या विश्वासासाठी या फाइलीत रकाना नाही. तुमचे कागद म्हणतात चार अपत्यं, तुम्ही म्हणता एक. उरलेली तीन कुठे आहेत, असं मला विचारावंच लागेल. कागद म्हणतात दहा वर्षं रोज गोळ्या, तीस वर्षं तंबाखू. तुम्ही म्हणता, काहीच नाही. मग एक मूत्रपिंड काढल्यावर तुमचं दुसरं टिकेल, हे मी कुठल्या आधारावर लिहू? त्या रुग्णालयाकडून नोंद दुरुस्त करून आणा. आणि ती चुकली कशी, तेही त्यांच्याकडून लेखी आणा. नुसती खाडाखोड केलेली चालणार नाही. उद्या कोणी म्हणेल, दाता मिळवण्यासाठी केली."

समिती महिन्यातून एकदा बसे. गंधालीच्या हातातली डायलिसिसची नस दोनदा बंद पडली होती. आता मानेत नळी होती, आणि त्या नळीतून तिला एकदा जंतुसंसर्ग होऊन गेला होता. तिच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले : पुढच्या बैठकीत झाले तर झाले, त्यानंतरचे मी काही बोलू शकत नाही.

म्हणून विजयाने दुरुस्तीचा अर्ज केला. सोबत पदवीचे प्रमाणपत्र जोडले, शाळेची सेवापुस्तिका जोडली, गंधालीच्या जन्माचा रुग्णालयाचा दाखला जोडला. त्याला जे उत्तर आले ते मी आरंभी दिले आहे. जोडलेल्या कागदांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. एका बाईने गणितात पदवी घेतली आहे हे विद्यापीठाचे म्हणणे होते, ती अशिक्षित आहे हे रुग्णालयाचे. आणि विद्यापीठाने तिचे पित्ताशय काढले नव्हते.

पुरानी बस्तीत, रायपूरच्या जुन्या मानाच्या वस्तीत, आमची रमा आत्या राहते. वडिलांची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरातली. तिच्या मुलाने बांधलेल्या दुमजली सिमेंटच्या घरात खालच्या मजल्यावर तिचा दरबार भरतो; शेजारच्या मंदिराच्या समितीपासून महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवापर्यंत सगळ्यांना तिचा आशीर्वाद लागतो. आम्ही गेलो तेव्हा तिची तर्जनी तोंडात होती. तिने हातानेच बसा म्हणून खुणावले, आणि विजया सगळी हकीकत सांगत असताना ती शांतपणे दात घासत राहिली. गुडाखूचा शब्द येताच मात्र तिने बोट बाहेर काढले, मोरीत जाऊन चूळ भरली, पदराने तोंड पुसले आणि आली.

"मायबाई! घासून राहिली मी, अन् लिहिलं ह्या पोट्टीच्या नावावर?"

"आत्या, हसू नको वं. पोरीचा जीव अडकला आहे," विजया म्हणाली.

"हसून नाही राहिली. माझाही कागद पाहू. मीही तर तिथंच मोडलं हाड बसवलं ना."

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या खुब्याचे ऑपरेशन त्याच रुग्णालयात झाले होते, आणि विम्यासाठी तिच्या मुलाने सगळे कागद आणून ठेवले होते. ते सापडले. व्यसन : नाही. गोळ्या : नाही. प्रसूती : दोन, रुग्णालयात. शिक्षण : पदवीधर. माहिती देणारी : रुग्ण स्वतः.

आत्याला पाच मुले, पाचही घरी झालेली. त्यांतली तीन जगली. शाळा चौथीपर्यंत. गुडाखू लग्नानंतरच्या पहिल्या बाळंतपणापासून, सासूनेच दिलेली.

"पदवीधर!" आत्या कागद हातात धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. "तुझे काका आज असते तर गोल बाजारातून पेढे आणले असते त्यांनी."

"तुला कोणी विचारलं होतं?"

"छे वं. तो डॉक्टर आला, आधार कार्ड पाह्यलं त्यानं, दोन मिनिटं त्या मशीनवर टकटक केलं, अन् गेला. मी म्हटलं, किती हुशार आहे, चेहऱ्यावरूनच वळखते."

पहिल्यांदा मला वाटले, दोघींच्या फायलींची अदलाबदल झाली असेल. पण दोन ऑपरेशनांमध्ये दोन वर्षांचे अंतर होते, आणि अदलाबदल करायला निदान दोन माणसे समोर धरावी लागतात. इथे एकही माणूस समोर धरलेला दिसत नव्हता. तेव्हा मी विजयाला म्हटले, तुझ्या गल्लीतल्या आणखी कोणाकोणाची त्या रुग्णालयात ऑपरेशने झाली आहेत, ते विचार.

मिलच्या विम्यावर अनेकींची झाली होती. गोदावरीबाईंनी गर्भाशय काढल्याचे कागद ट्रंकेतून काढून दिले : गुडाखू तीस वर्षे, गोळ्या दहा वर्षे, अशिक्षित, घरी चार प्रसूती. त्यांच्या बाबतीत गुडाखू तेवढी खरी निघाली. मुले मात्र त्यांना नव्हतीच, म्हणून तर त्या आयुष्यभर सासूचे बोलणे खात आल्या होत्या. चार या आकड्यावर त्यांनी बोट ठेवले आणि मग कागद आमच्याकडे सरकवला.

दोन घरे सोडून शेवंता राहते. भंडाऱ्याहून आलेल्या कुटुंबातली, कापडाच्या दुकानात हिशेब पाहणारी मुलगी. गेल्या वर्षी अपेंडिक्स काढले. तिच्या कागदावर शब्दाला शब्द तोच मजकूर होता.

"बाई," ती विजयाला म्हणाली, कारण विजयाने तिला सातवीत शिकवले होते, "मी तर तेव्हा चोवीस वर्षांची होती. मंग तीस वर्षांपासून कशी काय घासून राहिली?"

"मागच्या जन्मीची सहा धरली असतीन," विजया म्हणाली.

शेवंता हसली, पण आतल्या खोलीतून तिची आई बाहेर आली, आणि तिला हसू आलेले नव्हते. मुलीचे लग्न ठरत होते. कुमारी मुलीच्या नावावर चार बाळंतपणे लिहिणारा कागद आपल्या घरात वर्षभर पडून आहे, हे त्या बाईला त्या क्षणी कळले होते. तिने तो आमच्या हातात दिला तो असा, की जणू त्याने तिचे बोट भाजत होते. "घेऊन जा, अन् त्यायच्या तोंडावर मारा," ती म्हणाली.

डॉ. निरंजन पोफळी हे त्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. भोसल्यांच्या काळात रायपुरात आलेल्या घराण्यातले. मंडळाच्या व्यासपीठावर, मधल्या खुर्चीत, नेहमी. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक चकाकती ढाल होती : उत्कृष्ट अभिलेख व्यवस्थापनाबद्दल. राज्य नवे, राजधानी नवी, त्यामुळे पुरस्कारही पुष्कळ नवे होते, आणि ते घ्यायला माणसे कमी पडत होती.

आत्याला काठी टेकत आत येताना पाहून ते उठले आणि वाकून पाया पडले. माझ्याकडे पाहून हात जोडले. विजया आमच्या मागून आली, तर तिला म्हणाले, "बहनजी, आप बाहर बैठिए, नंबर से बुलाएँगे." ती बसली, आतल्याच खुर्चीवर.

आत्याने चहा येण्याचीही वाट पाहिली नाही.

"निरंजना, माझं एक काम कर. माझ्या कागदावर गुडाखू लिही."

"काय आत्या, थट्टा करता!"

"थट्टा नाही रे बाबा. साठ वर्षं झाली घासून राहिली. उद्या तोंडात गाठ-बिठ आली, तर डॉक्टर कागद पाहीन अन् म्हणंन, ह्या बाईले तर काही व्यसन नाही, तोंडातलं काय पाहाचं. मरंन ना मी फुकटची."

डॉक्टर मनापासून हसले आणि त्यांनी फोन उचलला. सचिन आला. "आत्या की फाइल में हैबिट्स वाला करेक्शन डाल दो. टोबैको, यस. मैं साइन करता हूँ." चहाचे कप यायच्या आत सही झाली.

"अन् चौथी पास लिही. अन् पाच पोरं."

"पोरांचं लिहितो. पदवीधर राहू द्या, आत्या. तुम्हाला शोभतं ते."

मी विजयाचा अर्ज आणि त्याला आलेले उत्तर त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते ओळखले. चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला.

"ताई, याचं उत्तर गेलंय. हा अभिलेख कायदेशीर दस्तऐवज असतो. पेशंट येऊन म्हणेल ते लिहीत बसलो तर..."

"आत्याची नोंद आत्ता कशावरून बदललीत?"

"त्या स्वतः सांगतायत ना."

"ही बाईही स्वतः सांगते आहे."

"आत्यांना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या शब्दावर अविश्वास कसा ठेवू?"

"त्यांच्या दातांकडे तरी पाहिलंत?"

पाहिले नव्हते. तेव्हा विजया उठली. टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीशी गेली, वाकली आणि तिने तोंड उघडले. बैलबाजारात जनावराचे उघडतात तसे, स्वतःच्या दोन बोटांनी ओठ मागे ओढून. तिचे पांढरेशुभ्र दात त्यांच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर होते.

"पाहा," ती मराठीत म्हणाली. "तीस वर्षं घासलेले दिसतात का?"

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. "अहो, बसा, बसा. तुम्ही मराठी?"

"माझी भाची आहे ती," आत्याने सांगितले. "ह्या शर्मिष्ठेची धाकटी बहीण. बीरगांवात मास्तरीण आहे."

"अरे! मग आधी सांगायचं ना!" डॉक्टरांना खरोखरच हायसे वाटले. "घरचीच माणसं. सचिन, इनका भी कर दो अभी. चार का एक करो, गुड़ाखू काटो, ग्रेजुएट लिखो. कारण में डाल दो, लिपिक की त्रुटि. झालं, ताई. एवढ्यासाठी पत्रापत्री कशाला करायची?"

सचिन पेन उघडून उभा राहिला. माझे चुकून समाधान झाले असते; मुलीच्या मानेतली नळी डोळ्यांसमोर होती. पण विजयाने फाइलीवर हात ठेवला.

"नको. मले आत्याची भाची म्हणून नको. समितीच्या बाई विचारतीन, कारकुनाची चूक होती तर अर्ज केला तेव्हा काहून नाही दिसली? मंग कशी दिसली? मी काय सांगू, ओळख निघाली म्हणून? त्या म्हणतीन, ओळखीनं करून आणलं. अन् बरोबर म्हणतीन. पोरीची शेवटची बैठक आहे ती, डॉक्टर. खरं कारण लिहून द्या."

"लिपिकाचीच चूक आहे हो. खरं कारण तेच."

मी गोदावरीबाईंचा कागद पुढे ठेवला. त्याखाली शेवंताचा ठेवला. तिन्ही मजकूर एकाखाली एक आले. वयाचा रकाना आणि व्यसनाचा रकाना, दोन्हींवर बोट ठेवले.

"तुमच्या लिपिकाला हीच चूक तिघींच्या बाबतीत, तीन वेगळ्या वर्षांत सुचली. आणि या तिसरीनं गुडाखू लावायला सुरुवात केली तेव्हा ती जन्मायला सहा वर्षं अवकाश होता. हे तिनं तुम्हाला स्वतः सांगितलं, असं खाली लिहिलं आहे. समितीसमोर मी हे तीन कागद ठेवू का? की भिंतीवरची ती ढाल ज्यांनी दिली त्यांच्याकडे पाठवू?"

सचिनने कागदांकडे पाहिले आणि पेनाचे टोपण बसवले. डॉक्टरांनी शेवंताचा कागद हातात घेतला. बराच वेळ वाचला. त्यात वाचण्यासारख्या फक्त चार ओळी होत्या. नंतर ते चिडले, आणि चिडलेला माणूस निदान खरे बोलतो.

"ताई, तुम्ही पुस्तकातली माणसं आहात. इथं रोज किती जण येतात तुम्हाला कल्पना आहे? रेसिडेंट प्रत्येकीपाशी बसून गुडाखू लावते का, किती पोरं झाली, असं विचारत बसला तर ऑपरेशन कोण करेल? पत्ता पाहिला की कळतं. बीरगांव म्हटलं की काय असणार, पुरानी बस्ती म्हटलं की काय असणार, इतकं तर आपल्याला माहीत आहे! त्या मशीनमध्ये पत्त्याप्रमाणं मजकूर येतो, एक कळ दाबली की भरला. निम्मा वेळ वाचतो. ती पद्धत मी बसवली आहे. मी! त्याच्यावरच तर ही ढाल मिळाली."

"आणि बीरगांवचा मजकूर लिहिताना तुमच्यासमोर कोण होती?" मी विचारले.

आत्याने चहाची बशी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे, लहानपणी घरी खेळायला येणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. "सांग ना रे निरंजना," ती म्हणाली. "कोण होती ती बाई?"

त्यांनी शेवंताचा कागद खाली ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

त्यानंतर त्यांनी लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात 'प्रक्रियात्मक त्रुटी' होती. विजयाने तो परत केला, गृहपाठ परत करते तसा, काही न बोलता. दुसऱ्यात 'प्रणालीतील तांत्रिक अडचण' होती. तोही परत गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी मराठीतच लिहिले. आमच्यावर उपकार म्हणून की सचिनला कळू नये म्हणून, ते मला ठाऊक नाही. सही केली, शिक्का मारला, आणि आम्ही निघताना फॅन वाढवायला सांगितला.

नागपूरला समितीच्या डॉक्टरबाईंनी ते पत्र दोनदा वाचले, चष्मा काढला, आणि परवानगीवर सही केली. ऑपरेशन पार पडले. गंधालीच्या मानेतली नळी निघाली आहे. आई डाव्या कुशीवर वळता येत नाही म्हणून कुरकुरते, मुलगी तिला हिंदीत रागावते. शेवंताचा आणि गोदावरीबाईंचा दुरुस्तीचा अर्ज मात्र नामंजूर झाला. त्यांना आलेले उत्तर विजयाला आलेल्या उत्तरासारखेच आहे, त्याच दोन वाक्यांचे. तेही एक कळ दाबून येत असावे. रुग्णालयाला यंदा पुन्हा तोच पुरस्कार मिळाला असल्याने, अधीक्षकांचे पत्र जसेच्या तसे इथे देणे मला आवश्यक वाटते :

"रुग्णांच्या सवयी, शिक्षण आणि प्रसूती यांची माहिती आमच्याकडे रुग्णाला विचारून भरली जात नाही. ओळखपत्रावरील पत्ता पाहून तयार मजकूर घातला जातो. बीरगांवच्या स्त्रियांसाठी एक मजकूर आहे, पुरानी बस्तीसाठी दुसरा. दोन्ही मी स्वतः, माझ्या टेबलावर बसून, एका दुपारी लिहिले. बीरगांवच्या मजकुरात वर्णन केलेली एखादी स्त्री मी प्रत्यक्ष तपासली होती का, हे मला आठवत नाही."